उलट्या पिळाचं तबक

मला जुन्या भांड्यांच्या दुकानात नेणं म्हणजे स्वयंपाक्याला दुसऱ्याच्या घरी जेवायला बोलावण्यासारखं आहे. घास तोंडात जायच्या आधीच तो नावं ठेवून मोकळा. हे मी सूनबाईला आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हणूनच तुम्ही हवेत, बाबा." असं कोणी म्हटलं की माणूस चपला शोधायला लागतो. मीही लागलो.

कारण असं होतं की पुढच्या रविवारी दुपारी तिचे आईवडील, थोरली बहीण आणि तिचा नवरा आमच्याकडे जेवायला येणार होते. मुलाच्या लग्नाला तीन वर्षं झाली, या नव्या घरात येऊन आठ महिने, पण व्याहीबुवांचं जेवण काही जमून आलं नव्हतं. व्याहीबुवा म्हणजे साधी असामी नाही. संग्रहालयात जुन्या वस्तूंचे जाणकार होते. नोकरीतून निवृत्त झाले, पण जाणकारीतून कोण निवृत्त होतं? लग्न ठरलं तेव्हा ते आमच्या आधीच्या दोन खोल्यांत आले होते. स्टीलच्या पेल्यातून पाणी प्यायले, चौफेर नजर फिरवली, चांगलं गोड बोलले, आणि निघताना जिन्यात मुलीला म्हणाले, "घरात चार जुन्या वस्तू असल्या की घराला वजन येतं." ते हळूच म्हणाले होते, पण जिन्यात आवाज घुमतो हे जाणकारांच्या लक्षात आलं नाही.

ते वाक्य माझ्या मनातून चार दिवसांत गेलं. सूनबाईच्या मनात मात्र ते घर करून बसलं होतं. ती शाळेत गणित शिकवते. चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करते. पण बापाचा विषय निघाला की अजून पाढे म्हणायला उभी केल्यासारखी होते. त्यामुळे बेत ठरला: चिनी मातीची जुनी ताटं, जुने वाडगे, आणि जेवणानंतर फळं मांडायला एक भारदस्त जुना ट्रे. ती ट्रे म्हणते, मी तबक म्हणतो. वस्तू एकच.

आता माझ्याबद्दल. अडतीस वर्षं मी पितळेचं काम केलं. ताटं, तबकं, किटल्या, सुरया, जे म्हणाल ते. मी चांगला कारागीर होतो. हे नम्रपणे सांगत नाही, कारण ते खरं आहे. ज्याच्या कामात खोट असेल त्याने नम्र व्हावं. त्यात मी डावखुरा. कारखान्यात मला सगळे उलटेराव म्हणत. मालकाने सुरुवातीला मला उजव्या हाताने काम करायला लावलं. आठवडाभराने माझं पहिलं ताट हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "तू आपला डाव्यानेच कर." त्यानंतर कोणी मला शिकवायला आलं नाही.

एकच गोष्ट सलत होती. आमच्या कारखान्यात वस्तूवर कारागिराचं नाव घालायची पद्धत नव्हती. तयार झालेला माल गाडीत भरून जायचा, मोठ्या घरांत, हॉटेलांत, कुठे कुठे. आमच्या घरात स्टील. बायको म्हणायची, "एक तरी तुमच्या हातचं घरात ठेवा हो. उद्या नातवंडं विचारतील, आजोबा करत काय होते, तर दाखवायला काही नको का?" मी म्हणायचो, ठेवू की, घाई काय आहे. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. मी निवृत्त झालो त्याला अकरा. घरात माझ्या हातचा चमचासुद्धा नव्हता.

दुकान लांबट होतं, बोगद्यासारखं. पुढे घड्याळं, मधे खुर्च्या, अगदी मागे भांडी. दुकानदाराच्या गळ्यात रेशमी रुमाल होता आणि तो आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं हळू बोलत होता. ताट दाखवताना आधी दोन्ही हातांनी धरून क्षणभर गप्प उभा राहायचा. सूनबाईवर त्याचा परिणाम होत होता. माझ्यावर नाही. मी ताट घेतलं, तीन बोटांवर तोललं आणि काठावर नखाने टिचकी मारली.

"बद्द वाजतंय," मी म्हणालो. "तडा आहे. दिसणार नाही, पण गरम आमटी पडली की दोन तुकडे."

"साहेब, हे पुरातन आहे," दुकानदार म्हणाला.

"तडाही पुरातन आहे."

सूनबाईने ओठ दाबून हसू गिळलं आणि पुढच्या ताटाला स्वतः टिचकी मारली. ते खणखणीत वाजलं. मग तिला नादच लागला. सगळी मांडणी टिचक्या मारत फिरली, आणि खरं सांगतो, दहा मिनिटांत तिचा कान तयार झाला. निळ्या काठाची चार ताटं मिळाली, हिरव्या वेलीची तीन, आणि एक नुसतं पांढरं. ती म्हणाली, "बाबा, आठ एकसारखी नाहीतच इथे." मी म्हटलं, नसू देत. रंग वेगळा चालतो, काठाची रुंदी सारखी हवी, म्हणजे टेबलावर भांडण दिसत नाही. तिने दप्तरातून पट्टी काढली. गणिताची बाई ती. सगळे काठ मोजले. सात जुळले, आठव्याचा निकाल लागला नाही म्हणून आणखी एक निळं शोधून काढलं, तेही खुर्चीखालून.

किटली मी पाणी ओतून बघितल्याशिवाय घेऊ दिली नाही. दुकानदार नाइलाजाने पाणी घेऊन आला. पहिली किटली ओतून झाल्यावर हनुवटीवरून थेंब गाळत होती, दुसरी तशीच, तिसरी ओतून सरळ केली तेव्हा तोंड कोरडं. ती घेतली, जरी दिसायला तिघींत तीच सगळ्यात साधी होती. सुपाच्या भांड्याचं झाकण फिरवून बघितलं, कुठेही खडखडलं नाही. डावाचा दांडा भांड्याच्या काठाला अडकून राहतो की आत बुडतो, ते बघितलं. दुकानदार आता मला साहेब म्हणायचा थांबला होता. सूनबाई मात्र माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होती. तीन वर्षं मी तिच्यासाठी वर्तमानपत्र वाचणारा आणि चहात साखर मागणारा सासरा होतो. माणसाला त्याच्या कामात बघितल्याशिवाय तो कळत नाही. मला त्या दुपारी फार बरं वाटत होतं.

मग तिने भिंतीकडे बोट केलं. "आणि तो ट्रे?"

मी वर बघितलं.

लांबट तबक, दोन कड्या, कडेला दोन तारांचा पीळ, मधे वेल. वेलीला डाव्या कोपऱ्यात एक कळी, जिला देठ नव्हता.  माणूस आपलं पोर गर्दीत मागून ओळखतो, चेहरा बघावा लागत नाही. तसं झालं.

तसं यात नवल नाही. अडतीस वर्षांत मी शेकडो तबकं केली, ती काही हवेत विरली नसणार. पण हे तबक मला चांगलंच आठवत होतं. एका हॉटेलची बारा तबकांची मागणी होती. अकरा मी पटापट केली आणि बारावं मला वाटेल तसं केलं, मालक सासुरवाडीला गेला होता म्हणून. नक्षी सगळी मनाची. वेल कोरताना छिन्नी घसरली आणि पत्र्यावर ओरखडा उठला. पत्रा फेकायचा नव्हता, म्हणून त्या ओरखड्याची कळी केली. एक्केचाळीस वर्षं झाली. मुलगा तेव्हा रांगत होता.

दुकानदाराने तबक उतरवलं आणि यावेळी जरा जास्तच वेळ गप्प उभा राहिला. "दीडशे वर्षं," तो म्हणाला. "निदान. हा पीळ बघा ताई. सगळ्या जगात पीळ असा जातो, हा उलटा जातो. ही एक वेगळीच परंपरा होती. आता लोपली."

लोपलेली परंपरा त्याच्यासमोर चपला घालून उभी होती. डावखुऱ्याने तारेला पीळ दिला की तो उलटाच पडतो, यात परंपरा कुठली आली? मला हसू येत होतं.

"आणि ही कळी," दुकानदार म्हणाला. "देठ नाही. कलाकाराची लहर."

सूनबाईने वेलीवरून बोट फिरवलं. कुठे थांबत थांबत, कुठे परत मागे येत. अगदी त्या कळीवर येऊन तिचं बोट थांबलं. "हाच घेऊ या बाबा," ती म्हणाली. "बाकी काही नाही मिळालं तरी चालेल. किती सुंदर काम आहे."

आता मी काय करावं? आयुष्यभर माझ्या कामाचं कौतुक मालकाने ऐकलं, गिऱ्हाइकांनी एकमेकांना सांगितलं, माझ्यापर्यंत आलं ते शिळं होऊन. आणि इथे माझ्या घरची मुलगी, माझं काम आहे हे न कळता, माझ्या कामावर भाळली होती. गप्प बसलो असतो तर तबक घरी आलं असतं, टेबलावर बसलं असतं, आणि व्याहीबुवांनी ते वाखाणलंही असतं. बोललो तर ते जुनं राहणार नव्हतं, आणि तिला जुनंच हवं होतं. शेजारीच एक गोल तबक होतं, पोचे आलेलं, मळकट, पण ते खरोखर माझ्या आजोबांच्याही आधीचं होतं. हातोडीचे बारीक ठोके मला लांबून दिसत होते. खरा माल हवा असेल तर तो तिथे होता.

दीडशे वर्षांच्या नावाखाली तिला एक्केचाळीस वर्षांचं तबक घेऊ देणं म्हणजे माझ्याच घरात माझ्याच हाताने लबाडी. ते मला जमेना. मी तिला खुर्च्यांच्या मागे घेऊन गेलो.

"ते जुनं नाही," मी म्हणालो. "ते मी केलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हाताऱ्या माणसाकडे बघतात तसं, जरा काळजीने. "बाबा, तुम्ही असे पुष्कळ केले असतील. तसाच दिसत असेल."

मला राग आला. रागात माणूस नेमकं बोलतो. "मी अजून हात लावलेला नाही ना त्याला? मग ऐक. उलटं करून बघ. डाव्या कडीखाली ती धरून ठेवणाऱ्या चार रिबिटी असतील. उजव्या कडीखाली पाच. चौथी तिरपी बसली होती, म्हणून तिच्या शेजारी पाचवी मारली. आणि कळीच्या बरोबर मागे पत्र्यावर नखाएवढा फुगवटा असेल."

ती परत गेली. मी खुर्च्यांमागेच उभा राहिलो. तिने तबक उलटं केलं, बोटाने मोजलं, परत मोजलं. मग कळीची जागा पालथ्या बाजूने चाचपली. दुकानदार काही सांगायला लागला, तिने त्याच्याकडे न बघता हात वर केला, वर्गात करते तसा, आणि तो गप्प झाला.

"हे दीडशे वर्षांचं नाही," ती त्याला म्हणाली.

"ताई, तुम्हाला कोणी—"

"पिळात काळं भरलंय. बुटाच्या पॉलिशचा वास येतोय." तिने नखाने थोडं उकरून त्याच्या नाकापुढे धरलं. त्यानंतर किमतीचं बोलणं फार लांबलं नाही. त्या गोल तबकाकडे तिने बघितलंही नाही. "हाच बांधा," ती म्हणाली.

टॅक्सीत ती तबक मांडीवर घेऊन बसली होती आणि काही बोलत नव्हती. मला वाटलं, हिचा हिरमोड झाला. बापापुढे मांडायला मोठ्या हौसेने काही आणायला गेली आणि सासऱ्याने त्यावर पाणी फिरवलं. आता माझं मन मोडायला नको म्हणून घेतलंय बिचारीने. म्हणून मी म्हणालो, "तुझ्या अप्पांना जुनं आहे असंच सांग. मी तोंड उघडणार नाही."

"बरं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

सुचवलं मीच होतं. तरी तिचं ते 'बरं' मला लागलं. नको म्हणाली असती तर किती बरं झालं असतं, असं वाटत राहिलं. माणूस मोठेपणा दाखवतो तेव्हा त्याला समोरच्याने थोडं अडवावं अशी इच्छा असतेच.

गुरुवारी घरात कोणी नसताना मी तबक काढलं. लिंबू, मीठ, जुना दात घासायचा ब्रश. सकाळपासून दुपारपर्यंत पिळातलं ते काळं उकरत बसलो. हात अजून विसरले नव्हते. संध्याकाळी तबक असं झळकत होतं की स्वयंपाकघराची भिंत पिवळी दिसत होती. मी समोर खुर्ची टाकून चहा प्यायलो. एवढा गर्व मला माझ्या मुलाच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. अर्थात त्याचा निकाल तसाच होता.

तो मुलगा कामावरून आला आणि दारातच थांबला. "बाबा! एवढं घासलंत? हे तर काल घेतल्यासारखं दिसतंय. तिचे अप्पा एका नजरेत ओळखतील."

"ओळखू देत," मी म्हणालो. पण चहा कडू लागायला लागला. जुनं म्हणून सांग असं मीच तिला सांगितलं होतं, आणि मीच त्याचं जुनेपण लिंबाने पुसून टाकलं होतं. आता ती पोर बापापुढे तोंडावर पडली असती, माझ्या हौसेपायी.

शनिवारी दुपारी मी मेणबत्ती पेटवली, तिच्यावर बशी धरून काजळी जमवली, तीत तेलाचा थेंब टाकला आणि ब्रश घेऊन बसलो. पिळाच्या प्रत्येक वळणात, वेलीच्या प्रत्येक पानात ते भरलं. अडतीस वर्षांत कामात कधी लबाडी केली नव्हती. त्या दुपारी माझ्याच हाताने मी माझ्या कामाला काळं फासलं, आणि तेही इतकं बेमालूम की तो रेशमी रुमालवाला बघता तर त्याने मला नोकरीवर ठेवलं असतं. तबक फडक्यात गुंडाळून जागेवर ठेवलं. मुलीसाठी केलं, असं स्वतःला सांगितलं. हात धुतले तरी नखांतलं काळं निघेना.

रविवारी पाहुणे वेळेवर आले. व्याहीबुवा उंच, सडसडीत, आणि घरात शिरताना मान वाकवतात, दार उंच असलं तरी. विहीणबाईंनी पडद्यांचं कौतुक केलं. थोरल्या बहिणीने सगळ्या खोल्या फिरून बघितल्या आणि नवऱ्याला डोळ्यांनी काहीतरी सांगितलं. टेबल सूनबाईने सुंदर मांडलं होतं. निळं ताट, हिरवं ताट, निळं, हिरवं. काठ सगळे एका रेषेत. व्याहीबुवांनी बसल्या बसल्या आपलं ताट उचललं, पालथं करून बघितलं आणि म्हणाले, "हं." त्यांचं 'हं' म्हणजे दुसऱ्याच्या चार टाळ्या, असं मुलाने मला कानात सांगितलं. किटलीतून चहा ओतला गेला, थेंब पडला नाही, आणखी एक 'हं' मिळालं. सूप, भाजी, भात, सगळं नीट पार पडलं. माझं लक्ष जेवणात नव्हतं. फळं यायची होती.

ती स्वयंपाकघरातून तबक घेऊन आली आणि मी जागच्या जागी ताठ झालो. तबक लखलखत होतं. काजळीचा कणही नव्हता. संत्री, द्राक्षं, सफरचंदाच्या फोडी, आणि त्यांच्याभोवती माझा पीळ, काल भट्टीतून काढल्यासारखा.

 व्याहीबुवा पुढे वाकले. "हे कुठलं?"

सूनबाई तोंड उघडतच होती, पण मला भीती वाटली. चकाकी झाली ती झाली, निदान शब्द तरी सांभाळावा, म्हणून मीच बोलून गेलो, "दीडशे वर्षांचं आहे. निदान. लोपलेली परंपरा."

व्याहीबुवांनी माझ्याकडे बघितलं, मग फळं एकेक करून ताटांत काढली, घाई न करता, आणि तबक उलटं केलं. चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून बघितलं. बोटांच्या चिमटीत कड धरून जाडी बघितली. मला ती दोन मिनिटं दोन तासांसारखी गेली.

"पन्नास वर्षंसुद्धा नाहीत याला," ते म्हणाले. "पत्रा कारखान्यातला आहे, सगळीकडे एकसारखा जाड. जुना पत्रा ठोकून काढलेला असतो, कुठे जाड, कुठे पातळ." मग जरा मवाळ आवाजात, "कोणीतरी फसवलंय तुम्हाला, व्याही."

थोरल्या बहिणीने नजर ताटात घातली. तिचा नवरा खोकला. विहीणबाई पदराशी चाळा करायला लागल्या. व्हायचं ते झालं होतं, आणि माझ्यामुळे झालं होतं. आता सूनबाईच्या डोळ्यांत पाणी येणार असं मला वाटलं.

"कोणी फसवलं नाही, अप्पा," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गातला होता. "बाबा खोटं बोलतायत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"हे बाबांनी केलंय. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, याच हातांनी. मला दुकानातच कळलं होतं. शेजारी खरं जुनं तबक होतं, ते मी घेतलं नाही. हे घेतलं. आज जेवताना मला तुम्हाला हेच सांगायचं होतं, पण यांना वाटलं मला लाज वाटेल." मग माझ्याकडे वळून, कॉपी करताना पकडलेल्या पोराकडे बघावं तशी बघत म्हणाली, "काल कोणीतरी यात काजळी भरून ठेवली होती. ती काढायला मला आज सकाळी दीड तास लागला, बाबा. टॅक्सीत मी गप्प होते, कारण बोलले असते तर रडले असते. तुम्ही मात्र त्याचा भलताच अर्थ लावलात."

तिने पहिल्यांदाच ट्रे न म्हणता तबक म्हटलं होतं. मी नखं टेबलाखाली लपवली.

 व्याहीबुवांनी तबक पुन्हा सरळ केलं, खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि वेलीवरून नजर फिरवत गेले. "ही कळी," ते म्हणाले. "हिला देठ नाही. का?"

"छिन्नी घसरली," मी म्हणालो. "ओरखडा झाकायला केली."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आमच्या संग्रहालयात असं एक पितळी ताट आहे. खरोखर जुनं. त्यावरही अशीच एक सुटी कळी आहे. तिच्या अर्थावर मी अकरा पानं लिहिली आहेत."

"त्याचीही घसरली असणार," मी म्हणालो.

व्याहीबुवा हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळे पुसत. तीन वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. विहीणबाईंच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्यांनीही फारसं बघितलं नसावं. "अकरा पानं," ते म्हणत राहिले. मग त्यांनी पीळ उलटा का, ते विचारलं, मी डावा हात वर केला, आणि त्यांनी तो हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट बघितला, ताट बघितलं होतं तसाच. नखांतल्या काळ्यासकट.

नंतर त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटी वही काढली. "सवय आहे," ते म्हणाले. "चांगली वस्तू दिसली की टिपून ठेवतो. नोकरी संपली, सवय राहिली." त्यांनी लिहिलं, आणि लिहिताना मोठ्याने म्हणत गेले: तबक, लांबट, पितळ, दोन कड्या, कडेला उलटा पीळ. मग पेन्सिल थांबली.

"पुढचा शब्द कारागीर," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी इथे एकच उत्तर लिहीत आलोय. अज्ञात. हजारो वेळा लिहिलं असेल. इतकं की आता हात आपोआप तिकडे जातो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "व्याही, मला क्षमा करा. लग्नाच्या पत्रिकेवर होतं, पण मी लक्षात ठेवलं नाही. तुमचं पूर्ण नाव सांगता?"

सूनबाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती.  मी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश, त्यांना लिहिता यावं म्हणून.